पैनगंगेची चार बेटं आणि एक सोयरीक

मुलगी पाहायला गेलेल्या माणसाला पुढे काय निरोप येतो? पसंत आहे, नाही, पत्रिका जुळत नाही, द्यायघ्यायचं बसून बोलू. मला निरोप आला तो असा: "होळी झाली की गळ घेऊन या. नदीवर बसू. मंग काय ते सांगतो."

माझे वडील निरोप्याकडे बघतच राहिले. "पत्रिका मांगनारे पाह्यले, जमीन मोजनारे पाह्यले. सोयरिकीत गळ मांगनारा हाच पयला!"

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. मी नेरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. मुलगी उमरखेडच्या पुढे, पैनगंगेच्या काठच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, सासरची माणसं अजून तिथं आहेत आणि भांडायला हुशार आहेत. मुलीचं नाव कमल. पाहायला गेलो तेव्हा सगळे मलाच प्रश्न विचारत होते आणि ती खाली मान घालून बसली होती. उठताना मात्र तिनं सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "नेरले वाचनालय हाय का?" मी म्हटलं, "हाय, पन सदा कुलूपच असते." ती खुदकन हसली. संपलं! तिथून पुढे माझं जिनिंगमधल्या बेरजांवरचं लक्ष उडालं ते उडालंच.

कमलचे वडील सदाशिवराव. घरची कापसाची आणि ज्वारीची शेती, आणि वेड मासे धरायचं. जाळ्यानं नाही, गळानं. माणसाचा स्वभाव पाण्याजवळ कळतो असं त्यांचं ठाम मत होतं. आधी एक चांगला शिकलेला मुलगा त्यांनी नाकारला होता, कारण तो दर थोड्या वेळानं गळ उचलून पाहायचा. "ज्याले पान्यावर भरोसा नाई त्याले बायकोवर काय राहीन?" असं ते म्हणाले होते म्हणे. मला गळाचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे मी खूश होतो. आपली परीक्षा आणि तीही आपल्या आवडत्या विषयात!

बरोबर रफिकला घेतलं. रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त, मोटारस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तीन मोडक्या गाड्यांमधून त्यानं एक फटफटी उभी केली होती. तिचा आवाज असा, की आम्ही निघालो हे साऱ्या नेरला कळायचं. मागे मी, माझ्या खांद्यावर बांबूच्या दोन काठ्या, पिशवीत गळ, मोरपिसाच्या देठाची तरंगती बुचं, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं आणि आईनं दिलेल्या भाकरी. गांडुळं आणि भाकरी एकाच पिशवीत ठेवल्याबद्दल रफिक यवतमाळपर्यंत शिव्या घालत होता.

आज त्या रस्त्यावरून गाडी सुसाट जाते. तेव्हा मुरुमाचा रस्ता, समोरून मोटार आली की धुरळा बसेपर्यंत कडेला उभं राहायचं. पण फाल्गुनात जाणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत. आर्णीच्या अलीकडे-पलीकडे पळस असा फुललेला असतो की माणूस धुरळा विसरतो. आर्णीला अरुणावतीच्या काठी चहा घेतला, गरम भजी खाल्ली. नवे पैसे येऊन वर्षं झाली होती, तरी हॉटेलवाला हिशेब आण्यातच सांगायचा आणि पैसे नव्यात घ्यायचा, आणि या दोन्हींच्या मधे नेहमी त्याचाच फायदा व्हायचा. रफिकनं वाद घातला. हॉटेलवाला म्हणाला, "भाऊ, चहा चांगला होता ना? मंग कायले डोकं खपवून राह्यले?" चहा खरंच चांगला होता.

महागावला बाजार होता. तिथं चिवडा आणि गुळाची ढेप घेतली, रिकाम्या हातानं जायचं कसं? उमरखेड गाठलं तेव्हा सूर्य कलला होता. तिथून पुढे नदीकडे उतरणारी बैलगाडीची वाट. फटफटी तिच्यात इतकी उडाली की रफिक म्हणाला, "सोयरीक जमो न जमो, माह्यं कंबरडं गेलं बे!"

सदाशिवराव ओट्यावरच उभे होते. उंच, सडपातळ, मिशा पांढऱ्या आणि नजर मासा पाहत असल्यासारखी. "या पाहुने. काठी दाखवा पयले." पाणी देण्याच्या आधी त्यांनी माझी काठी हातात घेऊन वाकवून पाहिली, हुं म्हणाले आणि आत गेले. कमल काही दिसली नाही. रात्रीच्या जेवणात जवसाची चटणी एवढी झणझणीत होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आतून कुणीतरी हसल्याचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

सकाळी नदीवर गेलो आणि मी चाटच पडलो. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की तिथं पैनगंगेच्या पात्रात खडकाची चार बेटं उघडी पडतात, एकापुढे एक. मधे कुठं गुडघाभर पाणी, कुठं काळा डोह. पल्याडचा काठ पूर्वी निजामाचा, म्हणून म्हातारी माणसं त्याला तेव्हाही मोगलाई म्हणायची. सकाळच्या उन्हात ते पाणी पाहून मला इतका आनंद झाला की मी परीक्षेला आलोय हेच विसरलो.

सदाशिवरावांनी काठीनं एकेक बेट दाखवलं. पहिलं कावळ्याचं: गावाला जवळ, पाणी उथळ, बारीक मासळी भरपूर, पण बाया धुणं धुतात, पोरं उड्या मारतात. दुसरं म्हशीचं: दुपारी म्हशी बसतात, पाणी गढूळ, मरळ हमखास. तिथं ते स्वतः बसायचे. तिसरं सासूचं. "वरून शांत दिसते," ते म्हणाले, "आत ओढ हाय. गळ खडकात अडकला का सुटत नाई." आणि चौथ्या बेटावर एक वाकडी जांभूळ, तिची दाट सावली आणि सावलीत निवांत हिरवा डोह.

"अन् ते?" मी विचारलं.

सदाशिवराव बाजूला थुंकले. "त्याचं मले काई मालूम नाई. जागा तुमची तुमी निवडा. मानूस कुठी बसते यावरून त्याची अक्कल समजते." असं म्हणून ते म्हशीच्या बेटाकडे चालते झाले.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणतं निवडलं असतं? रफिकला कावळ्याचं हवं होतं, कारण तिथून गाव जवळ आणि भूक लागली तर सोय. मला वाटलं, धुण्याच्या दगडाशेजारी बसलो तर म्हणतील पोरगा आळशी. सासूच्या बेटावर गळ अडकला तर म्हणतील येडा. शिवाय नावच असं, की सुरुवातीलाच नको वाटलं. म्हशीच्या बेटावर ते स्वतः. उरलं जांभळीचं. मांडीपर्यंत पाण्यातून, काठ्या डोक्यावर धरून आम्ही तिथं पोचलो, तर डोहाच्या तोंडाशी पळसाची एक ताजी फांदी मातीत रोवलेली. मी म्हटलं, "वा! जागा मोकळी हाय."

का म्हणालो ते सांगतो. आमच्या नेरकडे तलावावर रीत अशी, की गळवाला उठून जाताना आपल्या जागी एक फांदी रोवून जातो. म्हणजे मी उठलो, आता ज्याला बसायचं त्यानं बसावं. मी ती फांदी उपटून बाजूला ठेवली, गांडूळ लावलं आणि गळ सोडला.

बूच काही वेळ स्वस्थ होतं. मी हलवलं नाही, उचललं नाही. त्या नाकारलेल्या पोराची आठवण मनात पक्की होती. रफिक जांभळीखाली आडवा झाला. मग बूच एकदा डचमळलं, दुसऱ्यांदा तिरकं झालं आणि गपकन खाली गेलं. मी काठी उचलली आणि ती पार कमानीसारखी वाकली. "रफिक! ऊठ बे! मोठा हाय!" रफिक चपलेसकट पाण्यात. तो मासा एकदा डोहात खोल जायचा, एकदा खडकाकडे पळायचा, मी दोरी ढिली करायचो, पुन्हा ओढायचो. दंड भरून आले. शेवटी रफिकनं आपला सदरा काढून त्यात त्याला गुंडाळला आणि आम्ही दोघं त्याच्यावर पडलो. रोहू! आम्ही त्याला रोहूच म्हणतो, पुस्तकातलं नाव काय असेल ते असो. माझ्या मांडीएवढा जाड, खवले तांब्याच्या रंगाचे. आम्ही अक्षरशः नाचलो.

आरडाओरडा ऐकून सदाशिवराव पाण्यातून धावत आले. मासा पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मी मनात मुंडावळ्या बांधूनही टाकल्या. "वा रे पठ्ठे! अशी मासोळी तं मीच किती साल झाले..." आणि त्यांची नजर उपटलेल्या फांदीवर गेली. तोंड एकदम उतरलं.

"ही कोनं उपटली?"

"मी," मी म्हटलं.

मग त्यांनी तिथली रीत सांगितली. त्यांच्याकडे फांदीचा अर्थ नेमका उलटा. गळवाला आपली जागा धरतो, तिथं रोज पाण्यात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, चुरून टाकतो, मासे तिथं खायला यायला शिकतात, आणि मगच तो गळ टाकतो. तोवर फांदी रोवलेली. म्हणजे ही जागा चारलेली आहे, दुसऱ्यानं बसू नये. आणि चुकून कुणी बसून मासा काढलाच, तर तो मासा चारणाऱ्याचा. काढणाऱ्यानं स्वतः त्याच्या दारात नेऊन द्यायचा, आणि चारणाऱ्यानं तो शिजवून काढणाऱ्याला आणि त्याच्या संगतीच्या सगळ्यांना जेवू घालायचं. नाहीतर डोह रुसतो.

"मंग देऊन येऊ," मी म्हटलं. "फांदी कोनाची हाय?"

सदाशिवराव पाण्याकडे पाहत म्हणाले, "नामदेवची. माह्या मोठ्या भावाची." नामदेवराव गावात तीन घरं सोडून राहायचे. एका शंकरपटात दोघा भावांच्या बैलजोड्या एकमेकींविरुद्ध धावल्या होत्या. सदाशिवराव म्हणाले, त्यानं जोडी आधी सोडली. नामदेवराव म्हणाले, याला हार पचत नाही. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. एका विहिरीवर पाणी भरायचे, पण तोंडं फिरवून.

"कोनी पाह्यलं नाई," सदाशिवराव हळूच म्हणाले. "फांदी रोवून द्या परत. मासा म्हशीच्या बेटावर सापडला म्हना. घरी नेऊ, कमलची माय फक्कड रस्सा करते."

रफिक लगेच म्हणाला, "बरोबर बोलून राह्यले काकाजी."

मी मासा पाहिला, ती फांदी पाहिली. खरं सांगतो, मोह झाला. पण मी स्वतः नेरच्या तलावात ढेप टाकून जागा चारली होती आणि दुसऱ्यानं येऊन मासे नेले होते. तेव्हा रात्रभर झोप नव्हती आली. मी म्हटलं, "काकाजी, त्या मान्सानं दररोज येऊन ढेप टाकली असन. मले हे गिळायचं नाई."

सदाशिवराव ताडकन म्हणाले, "आयकून घ्या पाहुने. तुमी नामदेवच्या दारात गेले, तं माह्या दारात परत यायची गरज नाई."

आता माझा एक स्वभाव आहे. शांत असलो की मी दहादा विचार करतो आणि चुकीचं वागतो. राग आला की चटकन बरोबर वागतो. मला राग आला. एवढी गोड मुलगी, आणि तिच्यासाठी पहिलीच अट काय तर चोरी? मी मासा सदऱ्यासकट उचलला, फांदी घेतली आणि पाण्यात उतरलो. वाचनालयाचं विचारणारी ती मुलगी आपण आता पुन्हा बघणार नाही, हे मला अगदी पक्कं कळत होतं आणि भयंकर वाईट वाटत होतं. मागून रफिक उघडाच येत होता आणि म्हणत होता, "येडा हाय तू, येडा!"

नामदेवराव अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. भावासारखेच उंच, पण मिशा नाहीत. मी मासा समोर ठेवला, फांदी ठेवली आणि झालं ते सगळं सांगून टाकलं, नेरची रीतसुद्धा. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनाचे पाहुने?"

"सदाशिवरावांचे."

दोर वळणारे हात थांबले. मग आत तोंड करून ते म्हणाले, "आयकलं का वो? चूल पेटवा. जेवनारे हायेत." आणि मला विचारलं, "संगतीनं कोनकोन होतं?"

मी रफिककडे बोट दाखवलं. रफिकनं दाराबाहेर बोट दाखवलं. पाहतो तर समोरच्या निंबाखाली सदाशिवराव उभे! पाठ आमच्याकडे, पण कान इकडे. नंतर ते सांगायचे, माझ्या पाहुण्याचा अपमान होऊ नये म्हणून आलो होतो. आम्ही मान डोलवायचो.

नामदेवराव मला म्हणाले, "बाहेर जे कोनी उभे हायेत त्यायले सांगा, ऊन लागून राह्यलं, आत या. डोहाची रीत हाय, मानसाची नाई."

मी बाहेर जाऊन सांगितलं. सदाशिवराव मला म्हणाले, "आत जे बसले हायेत त्यायले सांगा, मी डोहासाठी येऊन राह्यलो." मी आत येऊन सांगितलं. दोघांमधे दहा पावलं, आणि मी तिकडून इकडे निरोप नेतोय! जेवायला बसलो तरी तेच. "त्यायले इचारा, रस्सा पाह्यजे का." "त्यायले सांगा, मीठ कमी हाय." चिंच आणि भाजलेले तीळ घातलेला असा रस्सा मी पुन्हा कधी खाल्ला नाही, पण निरोप पोचवण्यात माझी भाकर गार झाली. माशाचं डोकं रीतीप्रमाणे माझ्या ताटात.

रफिकला शांतता सोसत नाही. तो सहज बोलून गेला, "काकाजी, शंकरपटात जोडी आधी सुटली का नाई, हे ठरवते कोन?"

झालं! नामदेवरावांनी भाकर खाली ठेवली. "आधी सुटलीच नवती!"

"सुटली होती!" सदाशिवराव ओरडले. "म्या माह्या डोयानं पाह्यली!"

"तुहे डोये तवा माह्या बैलाच्या शेपटीवर होते! मांगंच होता ना तू!"

"अन् तू? झेंडी पडाच्या आधी कासरा ढिला कोनं केला?"

मी घाबरून उठायला लागलो. सदाशिवरावांच्या वहिनी, त्या घरच्या मोठ्या माय, चुलीजवळून पदर सावरत आल्या आणि मला खांदा दाबून खाली बसवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "भांडू द्या बाप्पा, भांडू द्या! इतके वर्सं झाले, तोंडच नवते उघडत एकमेकाशी." दोघं भाऊ दुपार टळेपर्यंत भांडले. मधे कधीतरी नामदेवरावांनी भावाच्या ताटात स्वतःच्या हातानं मासा वाढला आणि भांडण चालूच ठेवलं.

निघताना सदाशिवराव मला फक्त "या मंग" म्हणाले. ना होय, ना नाही. आमच्या पिशव्या त्यांच्या सालदारानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यानं, आणून दिल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही, न येण्याचं सांगितलंच होतं ना! परतीच्या वाटेवर पळस तेवढाच फुललेला होता, मला काही तो दिसला नाही. रफिक पुढून ओरडला, "सोयरीक गेली लेका, पन रस्सा जबरदस्त होता."

नेरला आलो, जिनिंगमध्ये जायला लागलो, बेरजा पुन्हा चुकवायला लागलो. आईनं दुसरी स्थळं काढली, मी तोंड वाकडं केलं. वडील म्हणाले, "एक मासा खाऊन आला न् आता उपास धरून बसला." आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे एका दुपारी मोटारीतून दोघे उंच म्हातारे उतरले. एकाच रंगाचे नवे फेटे, हातात नारळ, आणि अंगणात येईपर्यंत तोंडानं भांडण: मोटार कोणामुळे चुकली होती यावर. नामदेवराव पुढे झाले आणि वडिलांना म्हणाले, "मी पोरीचा मोठा बाप. सोयरीक पक्की कराले आलो." लग्न वैशाखात झालं.

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी: अजूनही फाल्गुन-चैत्रच बरा, पण वरच्या अंगाला धरण झालंय. पाणी कधी सुटेल ते गावात विचारूनच पात्रात उतरा. बेटं आहेत, जांभूळ गेली. मोठी मासोळी कमी झाली. कावळ्याच्या बेटावर लेकराबाळांना घेऊन मजेत बसता येतं. सासूच्या बेटावर अजून गळ अडकतात. आणि कुठंही बसण्याआधी काठावरच्या माणसाला विचारा, तिथली रीत काय. तुमच्या गावची रीत तुमच्या गावातच बरोबर असते.

माझ्याजवळ त्या फेरीतलं काय राहिलं? मी आयुष्यभर ऐटीत सांगत आलो, की दोन भावांना मी बोलतं केलं म्हणून मला मुलगी मिळाली. हे लिहिताना कमल शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "तसं नवतं काई ते." एवढ्या वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदा बोलली. मी विचारलं, "मंग कसं होतं?"

"त्या दिवशी सांजी बाबा घरी आले. मले म्हने, पोट्टा चांगला हाय, पन माह्यं आयकत नाई. अशाच्या घरी देऊ का तुले?"

"अन् तू काय म्हटलं?"

तिनं शेंगेतले दाणे सुपात टाकले. "म्या म्हटलं, बाबा, तुमचं आयकनारा पाह्यजे असन तं सालदार ठेवा. मले नवरा पाह्यजे."